चुकलं की टाळी

खाज या शब्दालाच मान नाही. पाठ दुखते म्हटलं की लोक खुर्ची पुढे सरकवतात. डोकं दुखतं म्हटलं की आवाज खाली आणतात. खाजतं म्हटलं की एक तर हसतात, नाहीतर दोन पावलं मागे सरतात. बाईंनी हे दोन्ही पोटभर पाहून घेतलं होतं. लिफ्टमध्ये त्या कोपर खाजवत असताना शेजारणीनं आपल्या नातवाला हळूच स्वतःच्या मागे ओढून घेतलं, तेही पाहिलं होतं. त्या दिवशी बाई पुढच्याच मजल्यावर उतरल्या आणि उरलेले जिने चढून गेल्या, आणि चढताना शेजारणीला मनातल्या मनात जे जे बोलल्या ते इथे लिहिण्यासारखं नाही.

बाई म्हणजे स्टुडिओतल्या बाई. तिथे सगळे त्यांना बाईच म्हणायचे. बाई पुस्तकं वाचायच्या, म्हणजे कामासाठी, माईकसमोर, मोठ्यानं. आणि लोक ती पुस्तकं स्वयंपाक करताना, गाडी चालवताना, आजारपणात पडल्या पडल्या कानानं ऐकायचे. जाड जाड कादंबऱ्या बाईंच्या आवाजात गेल्या होत्या. दरोडेखोर, सावत्र आई, पाद्री, पोपट, सगळे बाईंच्या एकाच घशातून निघायचे आणि एकमेकांसारखे कधी वाटायचे नाहीत.

खाज सुरू झाली ती नडगीवर. मग दंड, पाठ, तळपाय, बोटांच्या बेचक्या. अंगावर पुरळ नाही, चट्टा नाही, साधी लालीसुद्धा नाही. जे ओरखडे दिसायचे ते बाईंच्याच नखांचे. आता याला दोन वर्षं होत आली होती. या काळात बाईंनी तीन डॉक्टर केले, आणि घरात त्यांची नावंही पडली होती. पहिला क्रीमवाला. त्यानं पेन खाली न ठेवता एकामागून एक ट्यूब लिहून दिल्या, आणि बाई काही महिने तेलात पडलेल्या वातीसारख्या चकचकत फिरल्या. दुसरा रक्तवाला. त्यानं बाटल्या भरभरून रक्त काढलं, यकृत पाहिलं, मूत्रपिंडं पाहिली, थायरॉइड पाहिलं, आणि कागद मिटून म्हणाला, "अभिनंदन. सगळं उत्तम आहे." अभिनंदन! बाईंना वाटलं, याच्या सदऱ्यात मूठभर खाजकुयली टाकावी आणि मग हात जोडून अभिनंदन करावं. तिसरा मनवाला. त्यानं बाईंचं बोलणं अर्ध्यावर तोडून सांगितलं, "मन कशात तरी गुंतवून ठेवा." बाई रोज बंद खोलीत बसून चाळीस-पन्नास पानांतली माणसं जिवंत करत होत्या. याहून जास्त मन कुठे गुंतवायचं असतं ते त्यानं सांगितलं नाही.

बाकीच्यांनी मात्र सगळं सांगितलं. साबण बदला. साबण सोडा. पाणी जास्त प्या. दूध बंद करा. नणंदेनं फोन करून सांगितलं, "अगं, माझ्या ऑफिसातल्या एकीला अगदी असंच व्हायचं. तिनं विचार करणंच सोडलं, झाली बरी." बाई म्हणाल्या, "विचार सोडून तुमच्या ऑफिसात काम चालतं, हे माहीत नव्हतं मला." त्यानंतर नणंद महिनाभर बोलली नाही. या दुखण्यातून बाईंना झालेला फायदा एवढाच.

राहिला नवरा. नवरा वाईट नव्हता, आणि बाईंना सगळ्यात जास्त राग त्याचाच यायचा. तो मोटार चालवायला शिकवायचा. शिकवायच्या गाडीत शिक्षकाच्या पायाखाली वेगळा ब्रेक असतो; शिकणारा कुठेही निघाला तरी थांबवणारा पाय याचा. वर्षानुवर्षं ते करून त्याचा आवाजही तसाच झाला होता, मऊ, सपाट, न चिडणारा. "सावकाश. घाबरायचं नाही. खाजवू नकोस." टीव्ही बघताना, जेवताना, पाहुण्यांसमोर, "खाजवू नकोस, वाढतं." जणू बाई हौसेनं खाजवत होत्या. जणू न खाजवता नुसतं बसणं ही एखादी युक्ती होती, आणि ती बाईंना इतके दिवस कुणी सांगितलीच नव्हती. बाईंनी लोकरीचं सगळं वाटून टाकलं, चादरी बदलल्या, सिनेमाला जाणं सोडलं, बहिणीच्या घरच्या समारंभाला पाठ फिरवली. नवऱ्याकडून त्यांना एकच गोष्ट हवी होती. त्यानं एकदा तरी म्हणावं, "फार होतंय का गं?" तो म्हणायचा, "लक्ष देऊ नकोस."

पण काम होतं. कामामुळे बाई धड होत्या. आणि त्यात ते पुस्तक आलं होतं.

खानावळ चालवणाऱ्या एका भांडकुदळ म्हातारीची कादंबरी. उशीला घेता येईल इतकी जाड. म्हातारीचे मुलगे तिला गोड बोलून खानावळीतून काढू बघत असतात, आणि म्हातारी पुस्तकभर भांडत असते, मुलांशी, सुनांशी, खाटकाशी, पावसाशी. बाईंनी तिच्यासाठी आवाज शोधायला आठवडा घालवला. घशातून येईना, नाकातून येईना. शेवटी एकदा घरी दार बंद करून त्या रागानं पाठ खाजवत असताना पोटातून एक गुरगुर निघाली, आणि बाईंना कळलं, हाच आवाज. त्या दिवसापासून म्हातारी त्यांची झाली. आता तीन अध्याय राहिले होते. त्या तीन अध्यायांत म्हातारी सगळ्या मुलांना एका टेबलाशी बसवून शेवटचं भांडण भांडते. बाईंनी ते डोळ्यांनी चार वेळा वाचलं होतं आणि तोंडानं एकदाही नाही. ते त्यांनी राखून ठेवलं होतं.

वाचायची खोली म्हणजे मोठ्या कपाटाएवढी. भिंतींना जाड स्पंज, दाराला रबर. आत पंखा नाही, कारण पंख्याचा आवाज येतो. सळसळणारं कापड घालायचं नाही, बांगडी घालायची नाही, रिकाम्या पोटी बसायचं नाही, कारण माईकला पोटाची गुडगुडसुद्धा ऐकू येते. आणि वाचताना चूक झाली, जीभ अडखळली, खोकला आला, तर थांबायचं, जोरात एक टाळी वाजवायची आणि वाक्य पहिल्यापासून वाचायचं. पडद्यावर टाळीची उंच रेघ उठते. बाहेर बसलेला माणूस ती रेघ बघून नेमकं तेवढंच कापून टाकतो. त्या माणसाला सगळे कात्री म्हणायचे. पूर्वी बाईंचा अख्खा अध्याय एकाही टाळीशिवाय जायचा, आणि कात्री म्हणायचा, "बाई, माझी नोकरी जाईल तुमच्यामुळे."

आता त्या बंद खोलीत घाम यायचा, घामाबरोबर खाज यायची, आणि खाजवलं की माईकमध्ये भिंत घासल्यासारखी खरखर उतरायची. मग टाळी. वाक्य पहिल्यापासून. पुन्हा पोटरी. टाळी. बाई दात खाऊन एकेक परिच्छेद पार पाडायच्या. वेळ जास्त लागत होता हे खरं. पण कापून झाल्यावर जे उरायचं ते अस्सल होतं, हेही खरं. कात्री कुरकुरायचा, "बाई, आज टाळ्याच टाळ्या. सभा होती का आत?" पण कुरकुरत कापायचा.

त्या दिवशी बाई नेहमीसारख्या आल्या, तर खोलीवरचा लाल दिवा आधीच लागलेला. काचेतून बघतात तो आत एक तरुण मुलगी, आणि स्पीकरमधून बारीक, गोड, किनऱ्या आवाजात म्हातारी बोलत होती. बाईंची म्हातारी! लग्नाचं निमंत्रण द्यावं तशा सुरात ती थोरल्या मुलाला शिव्या देत होती.

"हे काय आहे?" बाई म्हणाल्या.

कात्रीनं मान वर केली नाही. "मालकांना विचारा. मला नुसतं कापायला सांगतात."

मालक त्यांच्या खोलीत होते. बाईंना बघून उभे राहिले, खुर्ची दिली, पाणी मागवलं. एरवी ते असलं काही करत नसत.

"अहो बाई, कालच तुमच्या मिस्टरांचा फोन आला होता," मालक म्हणाले. "फार काळजीनं बोलले हो. असा नवरा मिळायला भाग्य लागतं."

"काय म्हणाला?"

"हेच, की तिला थोडं मनाचं आहे. ताण आला की वाढतं. तिला सांगू नका, पण जरा हलकं काम द्या म्हणाले. म्हणून मी ते पुस्तक त्या मुलीकडे दिलं. आज तिची चाचणी चाललीय, उद्यापासून खरं वाचेल. तुमच्यासाठी छान हलकं ठेवलंय. कपडे धुण्याच्या यंत्राचा आवाज. 'कृपया झाकण बंद करा.' 'धुणे पूर्ण झाले.' अशी दहा-बारा वाक्यं, बस."

बाई खुर्चीतून उठल्या.

"मला मनाचं काही नाही," त्या म्हणाल्या. "मला खाजतं. ते पुस्तक मी वाचणार. तीन अध्याय राहिलेत."

"हो, हो," मालक म्हणाले, लहान मुलाला म्हणावं तसं. "तुमचं बरोबरच आहे. पण उद्या काही झालं तर मिस्टर मला म्हणतील, सांगूनसुद्धा ऐकलं नाही. असं करा, त्यांना एक फोन करायला सांगा. नुसतं म्हणू देत, आता ती बरी आहे. त्याच मिनिटाला पुस्तक तुमचं. या मुलीला काय, दुसरं देऊ."

"मी सांगतेय ते चालत नाही?"

"अहो, तसं नाही हो..." मालक म्हणाले, आणि तसंच होतं.

बाई घरी चालत गेल्या. बसमध्ये बसल्या असत्या तर कुणाच्या तरी अंगावर गेल्या असत्या. चालताना अंगभर खाज पेटली होती, आणि भर रस्त्यात, लोक बघत असताना, त्यांनी दोन्ही हातांनी मनसोक्त खाजवलं. बघा म्हणावं. काय बघायचं ते बघून घ्या.

नवरा आधीच घरी आला होता, ओट्याशी कांदा चिरत होता. बाईंचा चेहरा बघून त्यानं सुरी खाली ठेवली.

"तू फोन केलास स्टुडिओत," बाई म्हणाल्या.

"तुझ्यासाठीच केला."

"मला विचारलंस?"

"विचारलं असतं तर नाही म्हणाली असतीस."

"मग?"

"मग काय मग? किती दगदग होतेय तुझी. दिसतं मला."

"दिसतं? काय दिसतं? अंगावर काही आहे का दिसण्यासारखं? ते नाही म्हणून तर सगळे मला वेड्यात काढतात! त्यात तू जाऊन माझ्या मालकाला सांगतोस, मनाचं आहे. कुणी सांगितलं तुला मनाचं आहे? तुझ्या मनानं?"

"डॉक्टर म्हणाले होते—"

"तिघांतला एक! एकाला क्रीम लावायचं होतं, एकाला अभिनंदन करायचं होतं. त्यांचं का नाही सांगितलंस?"

मग सगळं ऐकून झाल्यावर, म्हातारीचं, त्या मुलीचं, झाकणाचं, तो त्याच मऊ आवाजात म्हणाला, "बरं, चुकलं माझं. यात एवढं काय? आत्ता फोन करतो. सांगतो, आता बरी आहे. विषय संपला."

आणि गंमत अशी की विषय खरंच संपला असता. बाईंना ते कळत होतं. एक फोन, आणि म्हातारीचं शेवटचं भांडण त्यांचं. त्या किनऱ्या आवाजाची पोरगी बाहेर. बाईंचा जीव त्या तीन अध्यायांत इतका अडकला होता की एकदा तोंडावर आलंसुद्धा, कर. पण बरी आहे म्हटलं की उद्यापासून त्या खोलीत त्यांना खाजता कामा नये. खाजलं तर ती लबाडी. मनानं आलेलं, नवऱ्याच्या एका फोननं गेलं. दोन वर्षं बाई ज्याच्याशी झगडल्या ते कधी नव्हतंच, असं त्यांच्या वतीनं तो सांगणार, आणि त्याच्या शब्दाला वजन असणार. बाईंना इतका राग आला की कानशिलं वाजायला लागली.

"आधी जेवू," त्या म्हणाल्या.

नवऱ्याला बरं वाटलं. त्यानं ताटं वाढली. दोघं समोरासमोर बसली. पहिला घास घेतला आणि बाईंच्या पोटरीवर खाज उठली. बाईंचा हात खाली जायला निघाला, आणि थांबला. त्यांनी घास ताटात ठेवला आणि जोरात टाळी वाजवली.

नवरा दचकला. "काय झालं?"

"काही नाही. जेव."

त्यानं घास घेतला. टाळी. पाण्याचा पेला उचलला. टाळी. तो काहीतरी बोलायला गेला, तोंड उघडलं, टाळी. मग लागोपाठ तीन. मग जरा शांत, त्याला वाटलं संपलं, त्यानं ताटाकडे पाहिलं, आणि टाळी.

"हे काय चालवलंयस तू?"

"मी खाजवलेलं तुला बघवत नाही ना. म्हणून खाजवत नाही. खाज आली की टाळी वाजवते. तू लक्ष देऊ नकोस."

टाळी. नवऱ्यानं घास कसाबसा गिळला. टाळी. टाळी. वरच्या मजल्यावर कुणीतरी खुर्ची सरकवली. टेबलाखाली नवऱ्याचा उजवा पाय जमिनीवर घट्ट दाबलेला होता. बाईंना तो दिसला आणि त्या हसल्या, पण ते हसणं चांगलं नव्हतं. टाळी.

"बस कर!" नवरा ओरडला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. "बस कर गं! डोकं फिरेल माझं!"

"तुझं अजून अर्धं ताट नाही झालं," बाई म्हणाल्या. "आणि तुला नुसतं ऐकायचंय. हे असं असतं. उठल्यापासून असं असतं. दात घासताना, बिल भरताना, तुझ्या बहिणीचा उपदेश ऐकताना. आणि हे चालू असताना मी त्या कोंदट खोलीत बसून पुस्तक वाचते, आणि चांगलं वाचते! ते एक मला जमतं. ते तू मला न विचारता काढून घेतलंस, आणि आता मी बरी झाले म्हणून परत आणून देणार?"

नवऱ्यानं ताट बाजूला सारलं. बाईंच्या टाळ्या चालूच होत्या, आता जरा हळू, पण चालूच. शेवटी त्यानं हात धुतले, फोन आणला, आणि स्पीकर लावून टेबलावर मधोमध ठेवला.

"हं, नमस्कार," तो मालकांना म्हणाला. "काल बोललो होतो तोच मी. तिच्या कामाबद्दल. तर आता ती बरी—"

टाळी.

"काय आवाज झाला?" मालकांनी विचारलं.

नवऱ्यानं बाईंकडे पाहिलं. या टाळीचा अर्थ त्याला माहीत होता. स्टुडिओतल्या गोष्टी बाईंनी घरी येऊन किती वेळा सांगितल्या होत्या.

"म्हणजे तशी बरीच सुधार—"

टाळी.

"वाक्य पहिल्यापासून," बाई म्हणाल्या.

नवऱ्यानं एकदा डोळे मिटले. मग बोलला तेव्हा त्याचा तो शिकवायचा आवाज कुठेतरी गेला होता, आणि तो अडखळत होता. "ती बरी नाहीये. तिला खाजतं. खूप खाजतं. का ते डॉक्टरांनाही कळलेलं नाही. मनाचं आहे हे मी माझ्या मनानं सांगितलं. मला सांगायचा अधिकार नव्हता, आणि मला... मला माहीतही नव्हतं. ती वाचू शकते का, ते मला विचारू नका. तिला विचारा."

बाईंनी टाळी वाजवली नाही.

पलीकडे मालक घसा खाकरत होते. "बाई आहेत का तिथे? अहो बाई, हे काय ऐकतोय मी? नक्की होतंय तरी काय तुम्हाला?"

बाईंनी फोन जवळ ओढला. राग गेला नव्हता. तो इतक्यात जाणार नव्हता, आणि नवऱ्यावरचा तर मुळीच नाही. "आधी पुस्तकाचं," त्या म्हणाल्या. "उद्या सकाळी मी येते. राहिलेले तीन अध्याय मी वाचणार. मध्ये मध्ये थांबेन, पाहिजे तितक्या वेळा थांबेन, आणि दार उघडून वारा घेईन. कात्री कापेल. चालेल का, ते आत्ता सांगा. आणि मला सांगा, याला नाही."

नवरा फोनकडे बघत होता, पण मध्ये बोलला नाही.

"या," मालक म्हणाले. "मुलीला सांगतो मी."

"ठीक. आता तुम्ही विचारलंत ना काय होतंय, तर ऐका." बाईंनी खुर्ची पुढे घेतली, बाही कोपरापर्यंत वर केली आणि दंड खाजवत खाजवत, अगदी नडगीपासून, सांगायला सुरुवात केली. मालकांनी दोनदा "बरं, बरं" म्हणून पाहिलं. बाई थांबल्या नाहीत.